दुहेरी फडकं

त्या पोरीनं पेल्याच्या तोंडावर रुमाल धरला आणि तुळसाबाईच्या कपाळाची शीर ताडकन उडाली. फाल्गुनातली दुपार होती. दिग्रसच्या कापसाच्या जिनामागची वस्ती उन्हात नुसती पडून होती, कुत्रं भुंकत नव्हतं, आणि जिनातून उडालेली रुई दारादारात, चुलीच्या राखेत, माणसांच्या भुवयांत येऊन बसली होती. शाळेतून चिंचा वेचत वेचत तिची नात नलू घरी आली होती आणि तिच्याबरोबर तिच्या वर्गातली मंजुषा, कचेरीतल्या अनंतराव नाझरांची लेक. तहान लागली म्हणून पाणी मागितलं तिनं. आपणहून मागितलं. नलूनं राखेनं घासलेला पितळी पेला रांजणात बुडवून पुढं केला, तेव्हा तुळसाबाई उंबऱ्यावर बसून डाळ निवडत होती आणि मान वर न करताच मनातल्या मनात ताठ झाली होती. नाझराची पोरगी माझ्या रांजणातलं पाणी पिते! आणि त्या पोरीनं काय केलं, तर खिशातला पांढरा रुमाल काढला, त्याची दुहेरी घडी घातली, पेल्यावर ताणून धरली आणि त्या कापडातून चोखल्यासारखं पाणी प्यायली.

"काय वं पोरी," तुळसाबाई सूप बाजूला सारून उठली, "आमचं पानी इतकं बाटलेलं हाये काय? नसंल प्याचं तं नोको पिऊ. रुमाल कायले लावते मधात?"

पोरगी घाबरली. हनुवटीवर ओल्या रुमालाचा ठसा तसाच. "नाही आजी, नर्सबाईंनी सांगितलंय तसं. आमच्या घरीपण असंच पितो आम्ही. दुहेरी फडक्यातून. नाहीतर नारू होतो, पायातून जंत निघतो." आणि मग नलूकडे वळून, खरोखरच नवल वाटल्यासारखं, "शाळेत सांगितलं की सगळ्यांना. तुला नाही सांगितलं?"

नलू पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. "आमाले नाही सांगतलं तसं. आमाले सांगतलं, बारवीत पाय नोका घालू."

तेवढ्यात जिनातलं यंत्र जेवणाच्या सुट्टीसाठी थांबलं. सकाळपासून कानात भरलेली ती घरघर एकदम नाहीशी झाली आणि तिच्या जागी अशी शांतता आली की रांजणाच्या बुडातून झिरपणारा थेंब खालच्या वाळूत पडला तोही ऐकू आला. टप्. तुळसाबाई दोन्ही पोरींकडे पाहत उभी राहिली. एकाच इयत्तेतल्या, एकाच बाईच्या तोंडून ऐकून आलेल्या. एकीला सांगितलं, स्वतःला जप. दुसरीला सांगितलं, तुझ्यापासून पाण्याला जप. पण हे असं शब्दांत तिला त्या वेळी उमगलं नाही. त्या वेळी मंजुषाला वाईट वाटू नये म्हणून तिनं तिच्या ओंजळीत चिंचा घातल्या, जास्तच घातल्या.

तुळसाबाईच्या तोंडाला वस्तीतल्या बायाच काय, जिनातला मुकादमही टरकून असे. रुईच्या ढिगाऱ्यावर बसून ती बोलायला लागली की त्याला आपली टोपी सरळ करावीशी वाटे. दीक्षेनंतर विहारातल्या रात्रशाळेत ती सही करायला शिकली होती, त्याच्या पुढं अक्षरांनी तिला दाद दिली नाही, पण ऐकलेलं ती विसरत नसे, आणि सांगितलेलं काम ती सांगणाऱ्याला लाज वाटावी असं चोख करी. गावात पटकी आली तेव्हा नगरपालिकेच्या माणसानं चुना मारा म्हटलं, तर तिनं भिंतीला आतून बाहेरून मारला, चुलीच्या दगडालाही मारला. घरात बुद्धाच्या तसबिरीखालची जमीन अशी सारवलेली की सून जया म्हणे, "आत्याबाई, इथं पाय ठेवाले भेव लागते." अशा बाईला कोणी म्हटलं असतं, पाणी गाळा, तर तिनं अख्खी नदी गाळली असती. म्हटलं असतं तर. त्या दिवशी डाळ निवडताना हे एवढंच तिच्या डोक्यात पुन्हा पुन्हा येत राहिलं, आणि खडे म्हणून तिनं चांगली डाळच उकिरड्यावर टाकली.

आणि मग तिला आठवलं की आपण तिथं होतो. शाळेत. नर्सबाई आल्या त्या दिवशी नलू भाकर विसरून गेली होती आणि ती द्यायला ती फाटकापर्यंत गेली होती. सुमेधाबाई नावाची ती नर्स, पांढरं पातळ, हातात छत्री, बोलणं इतकं मऊ की ऐकणाऱ्यालाच आपला आवाज खरखरीत वाटावा. अंगणात पोरं रांगेनं बसलेली. पुढं कचेरीतल्यांची, दुकानदारांची, आणि मागं कडुनिंबाखाली आपली. निंबाखाली बसा असं कोणी सांगितलेलं नव्हतं. आपली पोरं आपणच तिथं जाऊन बसत, पाखरं संध्याकाळी आपापल्या झाडावर जातात तशी. सुमेधाबाईंनी पुढच्या पोरांना एक चित्र दाखवलं, हातानं कापडाची घडी करून दाखवली, पोरं हसली. मग त्या चालत निंबाखाली आल्या. खाली वाकल्या. आणि त्यांनी नलूच्या डोक्यावर हात ठेवला. केसांवर, तेलकट, रुई अडकलेल्या केसांवर, पूर्ण तळवा. तुळसाबाईला फाटकातून तेवढंच दिसलं. तो हात. तिच्या आईच्या अंगावर कुणी पांढऱ्या पातळातल्या बाईनं सावली पडू दिली नव्हती. त्या हाताकडे पाहताना तिचे डोळे भरून आले होते, आणि डोळे भरले की कान बंद होतात तसं काहीतरी झालं होतं. ओठ हललेले दिसले. बोल आलेच नाहीत. घरी येऊन तिनं वस्तीभर सांगितलं होतं, हात लावला बाईनं माह्या नातीले, हात!

आता तो हात तिला निराळाच दिसू लागला. माया करावी तसा नव्हे, झाकण लावावं तसा.

वस्तीच्या टोकाला उकंडा राहत होता, तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. नवरा जाऊन वर्षं झाली, पण उकंडा तिला अजून वयनी म्हणे आणि ती त्याला भाऊजी म्हणून झापे. तो दारात पाय पसरून बसला होता. घोट्याच्या वर फुटलेला फोड, त्यातून निघालेलं नारूचं पांढरं टोक आणि ते गुंडाळलेली बाभळीची काडी. रोज सकाळी काडीचा एक अलगद वेढा. ओढलं तर तुटतं, तुटलं तर पाय सडतो, म्हणून माणूस इथं लेकराला निजवावं तसा हळू होतो.

"या वयनी, बसा," उकंडा म्हणाला. "पावना भेटाले आले काय तुमी? मोठा मानपानाचा हाये. रोज वाईचसा बाहेर येते अन् पुन्हा इचार करत बसते."

"कुटं होते सकाळी?"

"बारवीत. पाय बुडवून बसलो होतो. आग आग होते ना वं! पान्यात टाकला का जीव जाग्यावर येते. हाही पान्यात खुश होते, टोक हलवते."

तुळसाबाईला ते टोक हलताना दिसलं की वाटलं, ते तिला कळलं नाही. "पोटात गेला कवा हा?"

"मागल्या उन्हाळ्यात गेला असंल पान्यासंगं. वर्सभर आतच हिंडते तो. कुटं हिंडते त्याले ठाव. म्या जेवलो, झोपलो, तुमच्या डोमाजीच्या संगं भजन म्हनलं, हा आत हिंडूनच राह्यला होता. मले पत्ताच नाही." उकंडा हसला. दात नसलेलं हसू. "आपलंच आंग अन् आपल्यालेच खबर नाही."

वर्षभर. घरी परतताना तुळसाबाईच्या पावलांखाली ऊन करकरत होतं आणि तिला एवढंच ऐकू येत होतं. मागच्या उन्हाळ्यात नलूनं कुठलं पाणी प्यायलं? त्याच्या मागच्या? सगळं त्या बारवेचंच. गाळलेलं एकही नाही.

गाळलेलं एकही नाही असं म्हणताना तिच्या जिभेवर एक जुनी चव आली, हळदीची. सासूच्या हातची. सासू होती तोवर रांजणाच्या तोंडावर पिवळं फडकं बांधलेलं असे, मातामायचं, म्हणजे घरच्या देवीचं, फडकं. घट्ट विणीचं, हळदीत बुडवलेलं, दोन पदरी. घागर आणली की आधी त्याच्यातून ओतायची. मातामायले कचऱ्याचं पानी चालत नाही, सासू म्हणे, आणि जे मातामायला चालत नाही ते घरालाही चालत नाही. रोज ते फडकं पिळून बोराटीच्या काट्यावर वाळत घालायचं. तुळसाबाईनं जन्मभर तो जाच सोसला. आणि मग नागपूरला जाऊन आलो आपण. पांढरं लुगडं नेसून गेलो, त्या मैदानात पांढरंच पांढरं, कापसाचं वावर फुटावं तसं, आणि परत आल्यावर घरातले सगळे देव टोपलीत भरले. शेंदूर फासलेला मातामायचा तो दगड उचलताना सासूचा आवाज येईल की काय असं वाटलं होतं. तिनं दगड त्याच पिवळ्या फडक्यात गुंडाळला आणि बारवेवर नेला.

तीच बारव. लहानपणी तिच्या काठावर रिकामी घागर घेऊन उभं राहायचं. खाली उतरायचं नाही. कोणाला कीव आली तर वरून ओतेल, कधी घागरीत, कधी ओंजळीत, कधी मुद्दाम पायावर. आणि त्या दिवशी वस्तीतली सगळी माणसं दिवसाढवळ्या, पायऱ्या मोजल्यासारखी टेकत खाली उतरली. तिचा लेक डोमाजी तेव्हा मिसरूड फुटलेला पोर, तो पुढं होता. काठावर लोक जमले होते, पण कोणी आडवं आलं नाही. तुळसाबाईनं गुडघाभर पाण्यात उभं राहून मातामाय सोडली. पिवळं फडकं पाण्यात फुगलं, क्षणभर वर तरंगलं, आणि मग दगडासंगे खाली गेलं. तिला वाटलं होतं, जन्माचं ओझं गेलं. ते खरंही होतं. ते आजही खरं होतं. एवढंच, की त्या ओझ्यासंगे आणखीही काही गेलं हे तिला कोणी सांगितलं नाही. ज्यांना ठाऊक होतं ते निंबाखाली येऊन दुसरंच सांगून गेले.

उकंडाकडून परतलेल्या त्या दिवसापासून तिला ते फडकं दिसू लागलं. भर दुपारी, जिनात, रुई पिंजताना. तळाशी चिखलात ते पडलंय आणि उसवतंय. एकेक धागा सुटतोय, पाण्यात लांबतोय, घागरीत येतोय, पेल्यात येतोय, पोरांच्या पोटात जाऊन गप बसतोय. तिचा देवीवर विश्वास नव्हता. तिनं वस्तीत कोणी अंगात आलेलं चालू दिलं नव्हतं. रामीबाईच्या अंगात आलं तेव्हा तिनं तिला थंड पाण्याची बादली दाखवली होती आणि देवी पळाली होती. पण हे विश्वासाचं काम नव्हतं. हे डोळ्यांचं काम होतं, आणि डोळे तिचं ऐकत नव्हते. जिनात तर जिकडंतिकडं धागाच. अंगाला चिकटे, दातांत येई, खाकरलं तरी येई. पोटरीला खाज सुटली की ती न पाहताच टाचेनं खाजवी. आपला पाय ही पाहायची गोष्ट तिला कधी वाटली नव्हती. ती पाहायची ते फक्त नलूचे पाय.

नलू दुपारी पोटावर हात ठेवून निजे आणि आजी तिच्या पायाशी बसून राही. घोटे, पोटऱ्या, बोटांच्या बेचक्या. पातळ कातडीखाली निळ्या शिरा. एकदा तिला वाटलं त्यातली एक शीर सरकली. श्वास रोखून तिनं बोट टेकवलं. काही नाही. मग गुडघ्याच्या मागं पांढरं टोक दिसलं. तिनं चिमटीत धरलं, हळू, उकंडा धरतो तसं हळू, आणि ओढलं. ते आलं. आणखी ओढलं, आणखी आलं. येतच राहिलं. हातभर आल्यावर नलू जागी झाली.

"आजी, काय काढून राह्यली वं?"

फ्रॉकची किनार उसवून लोंबत होती. "काई नाही," तुळसाबाई म्हणाली, "धागा होता. झोप तू." पण तो तोडायचं तिच्यानं झालं नाही. तुटलं तर सडतं. तिनं तो गुंडाळून किनारीत खोचून ठेवला.

शेवटी ती दवाखान्यात गेली. केस विंचरून, कुंकवाशिवायचं रुंद कपाळ पुसून, पायात डोमाजीनं पुसदहून आणलेल्या चपला घालून. सुमेधाबाई एकट्याच होत्या, टेबलाशी पट्ट्या गुंडाळत. त्यांनी तिला बसायला स्टूल दिलं. खरोखर दिलं. ती बसली नाही.

"बाई, एक इचारतो. पुढच्या पोरायले तुमी पानी गाळ्याचं सांगतलं. आमच्या पोरायले काहून नाही?"

सुमेधाबाई हसल्या. कुचकं हसल्या असत्या तर तुळसाबाईला सोपं गेलं असतं, तसल्या हसण्याला द्यायला तिच्याकडे पुष्कळ होतं. पण त्या मायेनं हसल्या. "अहो, सांगायचं कसं? घट्ट विणीचं कापड लागतं, दुहेरी. रोज धुवायचं, उन्हात वाळवायचं. तुमच्याकडे अंगावरच्या कापडाचीच पंचाईत. जमणार नाही ते सांगून लेकरांना उगाच खजील कशाला करायचं? म्हणून म्हटलं, जमेल तेवढंच सांगावं."

"बारवीत पाय घालू नोका, हे जमते."

"हो ना. त्यात खर्च नाही. आणि सगळ्यांचं भलं होतं."

"सगळ्याईचं म्हंजे कोनाचं? नलूच्या पायाले नारू नाही. तिच्या पायानं कोनाले काय होते?"

पट्टी गुंडाळणारे हात थांबले. बाहेर कडक उन्हात छपरावर कावळा पाय आपटत चालत होता. "तिच्या पायानं नाही होत," सुमेधाबाई हळू म्हणाल्या. "पण तुमच्या वस्तीत रोगी जास्त आहेत ना, म्हणून..."

"मंग गाळ्याचं तं आमालेच पह्यलं सांगा लागत होतं."

सुमेधाबाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता, शरमही नव्हती. नवल होतं, मंजुषाच्या चेहऱ्यावर होतं तसंच. जणू ही गोष्ट इतकी सरळ होती आणि इतके दिवस खोलीतच उभी होती आणि कोणी तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

"पोरीच्या पोटात गेला असंल तं कवा समजते?"

"वर्षानं. पायावर फोड येतो, आग होते."

"आन तवर?"

"तोवर काही नाही कळत."

"दवा?"

सुमेधाबाईंनी मान हलवली. "वाट पाहायची."

तुळसाबाई दारापर्यंत गेली आणि वळली. "आमच्या आंगावर किती कापड हाये ते आमी पाहू बाई. तुमी तेवढं तोंडातलं राखून नोका ठेवू." पायऱ्या उतरताना तिला वाटलं आपण जिंकलो. रस्त्यावर आल्यावर वाटलं, काय जिंकलो? पोरीच्या पोटात असेल तर ते शब्दानं बाहेर येणार होतं का?

घरी येऊन तिनं पेटी उघडली. निंबाच्या वाळक्या पाल्यात घडी घातलेलं पांढरं लुगडं काढलं. नागपूरला नेसलेलं. त्यानंतर फक्त बुद्धजयंतीला नेसायची, तेही विहारात जाऊन येईपर्यंत. मेल्यावर आपल्या अंगावर हेच घाला असं तिनं डोमाजीला बजावून ठेवलं होतं. विळ्याची धार पाहून तिनं पदराच्या बाजूनं पहिला काप दिला, आणि त्या टर्रर्र आवाजानं जया चुलीपासून धावत आली.

"आत्याबाई! हे कायले फाडता? माहं जुनं घ्या ना वं!"

"जुन्याची वीण सैल झाली. याची घट हाये."

"पन हे तं तुमच्या..."

"मेल्यावर नागडी जाईन," तुळसाबाई म्हणाली. "पाहाले तूच असशीन, दुसरं कोन येते?" जया हसली आणि मग डोळ्याला पदर लावला. एक तुकडा रांजणाच्या तोंडावर बांधला, दुहेरी. बाकीचे वस्तीत घरोघर. उकंडाला तिनं सांगितलं, भाऊजी, पाय बादलीत बुडवा, बारवीत बुडवाल तं काडीसकट तुमाले मी बाहेर ओढीन. तो म्हणाला, वयनी, इतके दिस नाही सांगतलं कोनं. ती म्हणाली, मलेही नाही सांगतलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती एकटी बारवेवर गेली. पाणी आटून खोल गेलं होतं. वरून पाहिलं तर पायऱ्या अंधारात जाऊन मोडल्यासारख्या दिसत होत्या. उतरता उतरता ऊन संपलं, मग आवाज संपला. पारव्यांची फडफड झाली आणि तीही वरच राहिली. खाली गारवा होता, ओल्या दगडाचा वास, आणि कोणीतरी आत्ताच बोलायचं थांबल्यासारखं वाटत होतं. शेवटच्या पायरीवर ती बसली. पाणी हिरवट, स्थिर. आणि त्याच्या आत, हात पोचेल न पोचेल अशा खोलीवर, पिवळं काहीतरी हलत होतं. पाणी हलत नव्हतं. ते हलत होतं.

"माय," ती म्हणाली. सासूला म्हणाली की त्या दगडाला, तिचं तिला ठाऊक नव्हतं. "तुले टाकलं ते बराबर केलं. तुले पुन्हा नेनार नाही. पन फडकं टाकाले नव्हतं पाह्यजे." बारवेच्या भिंतींनी तिचा आवाज घेतला आणि परत दिला नाही. तिनं खांद्यापर्यंत हात बुडवला. बोटांना मऊ, बुळबुळीत काही लागलं आणि सुटलं. हात वर आला तेव्हा बोटाला एकच धागा होता. पिवळा नव्हता. पाण्यानं धुऊन पांढरा झालेला, लांबच लांब, टोक पाण्यातच. कापडाचा असेल. कापडाचाच असेल. ती त्याच्याकडे पाहत राहिली आणि तिला वाटलं तो आपल्याकडे वळतोय. तिनं हात झटकला. तो पाण्यावर पडला, थोडा वेळ तरंगला आणि आपल्या मर्जीनं गेल्यासारखा खाली गेला. मग तिनं घागरीवर पांढरं फडकं ताणलं, तांब्यानं पाणी ओतलं. पाणी आत गेलं. फडक्यावर राहिले ते बारीक ठिपके, मोहरीच्या टोकाएवढे. ते उड्या मारत होते. इतकी वर्षं हे आपण पीत होतो. ती ते पाहत बसली, घागर भरून वाहू लागली तरी.

ते वर्ष तिनं नलूच्या पायांवर काढलं. पाऊस आला, पाय चिखलानं भरले, ती धुऊन पाही. थंडीत कातडी उलली, प्रत्येक चीर ती दिव्याच्या उजेडाकडे धरून पाही. नलू कंटाळून म्हणे, "आजी, तुले माह्या पायाचं यड लागलं." जया डोमाजीला म्हणे, बुढीले एखांद्या जानत्याले दाखवा. पाऊस सरल्यावर सुमेधाबाई पुन्हा शाळेत आल्या तेव्हा तुळसाबाई मुद्दाम जाऊन निंबाखाली पोरांच्या मागं बसली, हातात विळा घेऊन, वावरात जाता जाता टेकल्यासारखी. सुमेधाबाईंनी तिला पाहिलं. त्या अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या, पुढच्यांनाही मागच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सगळं बोलल्या, आणि कापडाची घडी उंच धरून दाखवली. या वेळी त्यांनी कोणाच्या डोक्यावर हात ठेवला नाही. तुळसाबाईला ते आवडलं.

आणि फाल्गुन पुन्हा आला. जिनाची घरघर, रुई, ऊन. नलूचे पाय स्वच्छ होते. तुळसाबाई रोज सकाळी पाही आणि रोज सुटल्यासारखा श्वास टाकी, पुरता नव्हे, अर्धा. एका दुपारी रुईच्या ढिगाऱ्यावर बसली असताना तिच्या पायाला निखारा लागल्यासारखं झालं. कोणी विडी टाकली म्हणून तिनं आधी मुकादमाला चार शब्द ऐकवले. मग लुगडं वर करून पाहिलं. घोट्याच्या वर, टम्म फुगलेला, पाणी भरलेला फोड. ती त्याच्याकडे पाहत राहिली. तिला भीती वाटली नाही. एखाद्याला वर्षभर गावोगाव शोधावं आणि तो आपल्याच घरात पाठ करून बसलेला सापडावा, तसं झालं. पाणी तर तिनंही तेच प्यायलं होतं. रांजण एकच होता. हे तिच्या एकदाही मनात आलं नव्हतं.

काडीला पहिला वेढा उकंडानंच दिला. "आता पावना तुमच्या घरी," तो म्हणाला, पण हसला नाही. पाय अहोरात्र जळत होता. डोळे मिटले की तिला बारवेतलं हिरवट पाणी दिसे, गार, स्थिर, आणि पाय आपणहून तिकडं चालू लागे. आत जो होता त्यालाही तेच हवं होतं. कोण कोणाला ओढतंय हे काही वेळा कळत नसे. एका सकाळी घरात कोणी नव्हतं म्हणून नलूसंगे पाणी आणायला ती लंगडत निघाली. बारवेच्या काठावर येईपर्यंत तिचे ओठ सुकले होते. खालून गारवा येत होता. वाफेसारखा, हाकेसारखा.

नलूनं घागर काखेत घेतली, पांढरं फडकं खांद्यावर टाकलं आणि दोन पायऱ्या उतरून मागं वळली. "चाल ना आजी. काहून थांबली?"

तुळसाबाई वरच्या दगडावर बसली. दोन्ही हातांनी दगड धरला. "म्या नाही येत," ती म्हणाली. "माह्या पायात नारू हाये. म्या पाय घातला तं तो पान्यात पिलं सोडते, अन् जो गाळल्याबिगर पेते त्याच्या पोटात जाते. तुह्या पायात नाही, तू जा. पन गाळून आन." आणि बोलून झाल्यावर तिला कळलं की हे असं सबंध, पुढचं मागचं जोडून, दोन्ही अर्धी एकत्र करून, निंबाखालच्या पोरांना पहिल्या दिवशी कोणी सांगितलं नव्हतं. ते काही मोठं नव्हतं. दोन श्वासांत मावत होतं.

नलू उतरत गेली. आधी पाय दिसेनासे झाले, मग फ्रॉक, मग केसांतली रुई. काठावर रिकाम्या हातांनी बसून तुळसाबाई वाट पाहत राहिली. लहानपणी थांबायची तशी, त्याच दगडावर. खाली पाण्याचा आवाज झाला, मग काहीच नाही. मग फार वेळ काहीच नाही. पाय पेटला होता. "नलू," तिनं हाक मारली. बारवेनं आवाज घेतला. "नलू वं!"

पोरगी वर आली, हसत, घागर भरलेली. आजीचे सुकलेले ओठ पाहून तिनं फडक्याचा दुहेरी पदर आजीच्या ओंजळीवर टाकला आणि वरून पाणी ओतलं. धार गार होती. अर्धा जन्म वरून ओतलेलं पाणी झेललेल्या त्या हातांना हे पाणी निराळं लागलं, आणि तुळसाबाई मान खाली घालून घटाघटा प्यायली. डोळे उघडले तेव्हा समोर नलूचे पाय होते, गुडघ्यापर्यंत ओले, उन्हात चकाकणारे. पोटरीवरून एक पांढरा ओघळ घोट्याकडे उतरत होता. घोट्याच्या वर येऊन तो थांबला. तुळसाबाई ओंजळ तशीच धरून तो खाली पडायची वाट पाहत राहिली.